इलेक्ट्रिक गाडीवर लेकरू कुठं बसवायचं?



मागच्या पावसाळ्यात एका रविवारी सकाळी विहारासमोर घडलेली गोष्ट सांगते. वंदना संपली होती आणि लोक बाहेर येऊन बोलत उभे होते. आमच्या वस्तीतल्या एका भावानं नवी इलेक्ट्रिक गाडी घेतली होती, तीच सगळे बघत होते. गाडी स्टँडवरून काढलेली होती. पुढं पाय ठेवायच्या जागेवर त्याचा तीन वर्षांचा मुलगा हँडल धरून उभा होता. बाप एक पाय जमिनीवर टेकून कुणाशी तरी बोलत होता. पोरानं हँडलची मूठ पिळली. गाडी एकदम उसळली आणि समोरच्या सार्वजनिक नळाच्या ओट्यावर जाऊन आदळली. पोराची हनुवटी फाटली आणि पुढचे दोन दात हलले. हनुवटीला टाके पडले.

दवाखान्यात तो भाऊ मला पुन्हा पुन्हा एकच सांगत होता, "ताई, गाडी बंद होती हो. आवाजच नव्हता."

गाडी चालूच होती. पेट्रोलची गाडी चालू असली की घरघरते, थरथरते, म्हणून आपल्याला कळतं. इलेक्ट्रिक गाडी चालू असतानाही गप्प उभी असते आणि मूठ पिळली की त्याच क्षणी पूर्ण जोरानं ओढते. आपले हात आणि कान पेट्रोलच्या गाडीला सरावलेले आहेत. ती सवय घेऊनच आपण लेकराला पुढं उभं करतो.

मी कुणाला नावं ठेवायला बसलेली नाही. माझी ड्युटी सकाळी सातची असायची, तेव्हा मीही माझ्या मुलाला पुढं उभं करून पाळणाघरात सोडलं आहे. अंगावर नर्सचा पांढरा ड्रेस होता, अपघात विभागात रोज फुटलेली डोकी बघत होते, तरीही तसंच नेलं. दुसरी सोय नव्हती आणि काही झालं नाही, म्हणून ते बरोबर वाटत राहिलं. आज वस्तीतल्या गल्लीगल्लीत हप्त्यावर घेतलेल्या इलेक्ट्रिक गाड्या आहेत. त्याच गाडीवर दिवसा पार्सल पोचवायचं काम चालतं, सकाळी बालवाडी आणि संध्याकाळी बाजार. म्हणून लेकराला गाडीवर बसवायचं कसं, कोणती वस्तू विकत घ्यायची आणि कोणती नाही, हे या वेळी नीट समजून घेऊ.

आधी लेकराचं शरीर समजून घ्या

मूल म्हणजे लहान आकाराचा मोठा माणूस नव्हे. जन्मलेल्या बाळाच्या लांबीचा साधारण चौथा हिस्सा एकटं डोकंच असतं. मोठ्या माणसात ते प्रमाण सातवा-आठवा हिस्सा इतकं उतरतं. म्हणजे लेकराचा भार वर, डोक्याकडे असतो. पडताना त्याचं डोकंच आधी जमिनीला लागतं.

बाळ तिसऱ्या-चौथ्या महिन्यात मान धरतं. पण मान धरणं वेगळं आणि खड्ड्याचा हिसका सोसणं वेगळं. मानेचे स्नायू भरायला, आधाराशिवाय घट्ट बसता यायला सहा ते नऊ महिने जातात. टाळू तर साधारण दीड वर्षापर्यंत भरत असते. तोवर कवटीचं हाड पातळच असतं.

आता वेगाचा हिशेब बघा. ताशी ४० किलोमीटर वेगात गाडी अचानक कशावर आदळली, तर तो मार साधारण सहा मीटर उंचीवरून, म्हणजे दुसऱ्या मजल्यावरून पडण्याएवढा असतो. ताशी २५ च्या वेगाला तीच उंची अडीच मीटरच्या आसपास येते. "आपण कुठं जोरात चालवतो" असं म्हणताना हे डोळ्यांपुढं असू द्या.

"मी घट्ट धरते ना" असं आया म्हणतात. दहा किलोचं मूल ४० च्या वेगात असताना गाडी सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर त्या मुलाला धरून ठेवायला क्विंटलभर वजन पेलण्याएवढा जोर हातात लागतो. तेवढा जोर आईच्या हातात नसतो, पैलवानाच्याही नसतो.

पुढं उभं केलेल्या लेकराचं काय होतं

पुढं उभं राहायला मुलांना आवडतं. वारा लागतो, रस्ता दिसतो. आपल्यालाही मूल डोळ्यांपुढं राहतं म्हणून बरं वाटतं. पण अपघात विभागात मी पाहिलेल्या पुढच्या लेकरांच्या जखमा बहुतेक तोंडाच्या, हनुवटीच्या, दातांच्या आणि छातीच्या. ब्रेक दाबला की मूल हँडलवर आपटतं आणि मागून आपलं साठ-सत्तर किलोचं अंग त्याच्यावर येतं. हँडल आणि आपण यांच्यामध्ये ते चेंगरतं. आपल्याला साधा मुका मार बसावा आणि लेकराची फासळी मोडावी, असं त्यामुळं होतं.

दुसरी गोष्ट झोपेची. दुपारच्या वेळी, गार वाऱ्यात मुलाला पटकन डुलकी लागते. उभ्याउभ्या गुडघे मोडतात आणि मूल बाजूला कलंडतं. त्याला सावरायला आपण एक हात सोडतो आणि गाडीचा तोल जातो.

तिसरी गोष्ट मूठ पिळण्याची, ती वर सांगितलीच.

काही दुकानांत गाडीच्या पुढच्या जागेवर बसवायची छोटी खुर्ची मिळते, लोखंडी नळीची किंवा प्लास्टिकची. "लहान मुलांची सीट" म्हणून ती विकली जाते. तिच्यावर पैसे घालू नका. उभं राहण्याऐवजी मूल बसतं, एवढाच फरक. हँडल तेवढंच जवळ, मूठ हाताशी, मागून आपलं अंग तेवढंच. पुष्कळ खुर्च्यांना पट्टाच नसतो आणि ज्यांना असतो त्यांचा पट्टा फक्त कमरेला. खुर्चीच्या नळ्यांनी आपले पाय अडतात आणि हँडल पूर्ण वळत नाही, ते वेगळंच.

कायदाही इथं स्पष्ट आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १२८ नुसार दुचाकीवर चालवणाऱ्याशिवाय एकच माणूस बसू शकतो, आणि तोही चालकाच्या मागं, गाडीला पक्क्या जोडलेल्या सीटवर. पुढच्या खुर्चीला त्यात जागा नाही. नवरा, बायको आणि मध्ये लेकरू अशा तिघांनाही नाही.

नऊ महिने ते चार वर्षे: नियम काय सांगतो

केंद्र सरकारनं १५ फेब्रुवारी २०२२ रोजी केंद्रीय मोटार वाहन नियमांमध्ये, नियम १३८ मध्ये, लहान मुलांसाठी नवी तरतूद घातली. ती एक वर्षानं लागू झाली. नऊ महिने ते चार वर्षे वयाच्या मुलाला दुचाकीवर नेताना तीन गोष्टी लागतात:

१. मुलाला चालकाशी जोडणारा सुरक्षा पट्टा, ज्याला बाजारात हार्नेस म्हणतात.
२. मुलाच्या डोक्याला नीट बसणारं त्याचं स्वतःचं हेल्मेट.
३. गाडीचा वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत.

चार वर्षांपुढच्या प्रत्येकाला हेल्मेट सक्तीचं आहे, ते कलम १२९ मध्ये आहे. हेल्मेट नसेल किंवा जास्त माणसं बसवली असतील तर एक हजार रुपये दंड आणि तीन महिने लायसन्स अपात्र ठरवण्याची तरतूद कायद्यात आहे. पार्सलचं काम करणाऱ्या भावांनी शेवटचा भाग नीट वाचावा. लायसन्स गेलं की रोजी गेली.

नऊ महिन्यांच्या आतल्या बाळाचं काय? त्याला दुचाकीवर नेऊच नका, ओढणीत बांधूनही नको आणि मांडीवर घेऊनही नको. लक्षात ठेवायला सोपं जावं म्हणून सांगते, गोवर-रुबेलाची पहिली लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर असते. ती टोचून होईपर्यंत बाळ आणि दुचाकी यांची गाठ नको. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लसींना पायी जा, रिक्षानं जा, नाहीतर आशाताईला विचारून वस्तीत लसीकरण सत्र कधी आहे ते बघा. मला मनापासून विचाराल तर बाळ वर्षाचं होईपर्यंत थांबलेलं आणखी चांगलं. डोक्यावर हेल्मेटचं ओझं घेऊन मान सांभाळणं नऊ महिन्यांच्या सगळ्याच बाळांना जमत नाही. वजन कमी असलेल्या आणि उशिरा बसायला लागलेल्या बाळांना तर नाहीच.

हार्नेस कसा निवडायचा

हार्नेस म्हणजे मुलाला घालायचं जाड जाकीट. त्याला दोन लांब पट्टे असतात, ते चालकाच्या दोन्ही खांद्यांतून जातात, शाळेच्या दप्तरासारखे. मूल मागच्या सीटवर, चालकाच्या पाठीला चिकटून, पुढं तोंड करून बसतं. त्याची छाती आपल्या पाठीशी बांधली जाते. काही शे रुपयांत तो मिळतो. घेताना हे तपासा:

पट्टा फक्त कमरेचा नको. नुसता कमरेला बांधायचा पट्टा बाजारात स्वस्त मिळतो. त्यानं मुलाचं कंबरडं बांधलं जातं आणि वरचं अंग हेलकावत राहतं. छाती आणि दोन्ही खांदे धरणारं जाकीट घ्या.

मुलाच्या पायांमधून जाणारा पट्टा हवा. पट्टे पाठीवर एकमेकांना ओलांडून मुलाच्या मांड्यांमधून जातात, तेव्हा मूल खालून निसटत नाही. झोपलेलं मूल जाकिटातून खाली सरकतं, ते यानंच थांबतं.

वजनाची मर्यादा लिहिलेली हवी. नियमात हार्नेस ३० किलोपर्यंत वजन पेलणारा असावा असं आहे. कापड जाड नायलॉनचं, आत फोमचं अस्तर, वजनाला हलकं, पाण्यानं खराब न होणारं आणि कमी-जास्त करता येणारं असावं, हेही नियमातच आहे. मुलाचं वजन अंगणवाडीच्या कार्डावर मिळेल.

शिवण उलटून बघा. पट्टा जिथं जाकिटाला जोडला आहे तिथं एकच सरळ टीप असेल तर ठेवून द्या. चौकोन आणि त्यात फुली अशी शिवण असेल तर ती टिकते. क्लिप दाबल्यावर "टक्" आवाज करून बसली पाहिजे, आणि मुलाच्या बोटांनी उघडता कामा नये.

घरी आणल्यावर एक चाचणी करा. त्यात लेकराच्या जागी दहा किलो तांदळाची पिशवी बांधा, पट्टे भिंतीवरच्या भक्कम खुंटीला अडकवा आणि पिशवीला खाली चार-पाच जोराचे हिसके द्या. शिवण उसवली किंवा क्लिप सुटली तर दुकानदाराला परत द्या. ही चाचणी पार झाली म्हणजे हार्नेस अपघातात टिकेलच असं नाही, पण निकृष्ट माल इथंच उघडा पडतो.

आता हार्नेसची मर्यादाही सांगते, कारण दुकानदार ती सांगणार नाही. हार्नेस मुलाला गाडीवरून घसरू देत नाही, झोपेत पडू देत नाही, खड्ड्यात उडू देत नाही. पण तो मुलाला तुमच्याशी बांधतो. तुम्ही पडलात तर मूलही तुमच्याबरोबर पडणार. म्हणून हार्नेससोबत हेल्मेट आणि कमी वेग हे दोन्ही हवेतच. इलेक्ट्रिक गाडीत कमी वेगाचा मोड असतो. लेकरू मागं असेल तेव्हा गाडी त्याच मोडवर ठेवायची, म्हणजे बॅटरीही जास्त चालते.

हेल्मेट कसं निवडायचं

मोठ्यांचं हेल्मेट मुलाच्या डोक्यावर ठेवू नका. ते मानेला जड होतं, डोक्यावर फिरतं आणि पडताना आधी निघून जातं. दुकानात जाताना मुलाला सोबत न्या. नेता येत नसेल तर शिंप्याच्या फितीनं भुवयांच्या जरा वरून, कानांवरून, डोक्याच्या मागच्या फुगीर भागावरून माप घ्या. वर्षाच्या मुलाचं डोकं साधारण ४६ सेंटीमीटर असतं, दोन वर्षांच्याचं ४८ च्या आसपास. हेल्मेटवर सेंटीमीटर लिहिलेले असतात.

चार वर्षांपर्यंतच्या मुलाला सायकलचं हलकं हेल्मेटही चालतं, पण ते एएसटीएम १४४७, ईएन १०८० किंवा ईएन १०७८ या परदेशी मानकांपैकी एकाचं हवं. आतल्या स्टिकरवर हे छापलेलं असतं. खेळण्याच्या दुकानातलं, स्केटिंगच्या सेटमध्ये मिळणारं पातळ टोपडं हेल्मेट म्हणून धरू नका. चार वर्षांपुढं आयएसआय खुणेचं, आयएस ४१५१ लिहिलेलं हेल्मेट घ्या. १ जून २०२१ पासून आयएसआय खूण नसलेलं दुचाकीचं हेल्मेट बनवणं आणि विकणं हाच गुन्हा आहे, तरी रस्त्याच्या कडेला ढिगानं मिळतं. तिथं पन्नास-शंभर वाचवू नका.

बसवायची पद्धत अशी. हेल्मेटची कड भुवईच्या वर दोन बोटांवर यावी, कपाळ उघडं राहता कामा नये. कानाच्या दोन्ही बाजूंचे पट्टे कानाखाली इंग्रजी "व्ही" सारखे मिळावेत. हनुवटीखालच्या पट्ट्यात एक बोट जाईल एवढीच सैल जागा असावी. मग मुलाला मान हलवायला सांगा. हेल्मेट डोक्याबरोबर फिरलं पाहिजे, डोक्यावर फिरता कामा नये. आंबाडा, मोठी क्लिप, फुलांचा गजरा हेल्मेटखाली नको. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट वरून चांगलं दिसलं तरी टाकून द्या, आतला थर दबलेला असतो.

मूल हेल्मेट घालू देत नाही, रडतं, ही तक्रार प्रत्येक आई करते. आठवडाभर घरात खेळताना पाच-दहा मिनिटं घालून ठेवा. मोठ्यांनी स्वतःचं हेल्मेट त्याच्यासमोर घाला. बाप बोडका आणि पोरगं हेल्मेटमध्ये, असं असेल तर पोरगं ते काढणारच.

तुमची गाडी मुलासाठी योग्य आहे का

ताशी २५ किलोमीटरच्या आत चालणाऱ्या, २५० वॅटच्या आतल्या छोट्या इलेक्ट्रिक गाड्यांना नोंदणी लागत नाही, लायसन्स लागत नाही. म्हणून त्या स्वस्त पडतात आणि वस्तीत पुष्कळ घेतल्या जातात. त्यांतल्या काहींची सीट एकाच माणसासाठी असते. मागं दिसते ती सामानाची कॅरिअर असते. सोबतच्या पुस्तिकेत किती माणसं आणि किती किलो वजन लिहिलं आहे ते वाचून घ्या, वाचता येत नसेल तर शेजारच्या शिकणाऱ्या मुलीकडून वाचून घ्या. एकट्याची गाडी असेल तर तिच्यावर लेकरू नको. आणि लायसन्स लागत नाही म्हणून तेरा वर्षांच्या दादाच्या मागं चार वर्षांची बहीण बसवून पाठवू नका. त्याचा स्वतःचाच तोल अजून पक्का झालेला नसतो.

नोंदणी झालेल्या गाडीत तीन गोष्टी बघा. मागच्या माणसाला धरायला हँडल, पाय ठेवायला फूटरेस्ट, आणि मागच्या चाकाला कपडे अडकू नयेत म्हणून साडी गार्ड. या तिन्ही गोष्टी नियमानं असायलाच हव्यात. साडी गार्ड "गाडी शोभत नाही" म्हणून काढून टाकणारे भाऊ मी बघितले आहेत. लेकराचे पाय फूटरेस्टपर्यंत पोचत नाहीत, ते चाकाशेजारी लोंबकळतात. चाकात पाय गेला की टाचेची कातडी सोलून निघते, कधी मागची शीर तुटते, आणि ती जखम भरायला महिने जातात. म्हणून दोन्ही बाजूंना चाक किती उघडं आहे ते वाकून बघा, आणि मुलाच्या पायात नेहमी बंद बूट असू द्या. चप्पल नको, अनवाणी तर नकोच.

इलेक्ट्रिक गाडीचा एक फायदाही आहे. तिला तापणारा सायलेन्सर नसतो, त्यामुळं पोटरीवर पडणारे ते गोल चट्टे हिच्यामुळं पडत नाहीत.

पार्सलची मोठी पेटी मागं बसवलेली असेल तर मागं मुलाला जागा उरत नाही, आणि मग ते पुढं येतं. पेटी काढता येईल अशी बसवून घ्या. सकाळी बालवाडीला जाताना पेटी घरी ठेवायची.

काही घरांत इलेक्ट्रिक सायकल आली आहे, पायडल मारायची आणि मोटारची जोड असलेली. तिच्यावर मुलाची पाठ असलेली, पट्ट्यांची खुर्ची मागं बसवता येते. युरोपात अशा खुर्च्यांसाठी ईएन १४३४४ हे मानक आहे आणि मागच्या खुर्च्या साधारण ९ ते २२ किलोच्या मुलासाठी असतात. घेताना पाठ डोक्यापर्यंत उंच आहे का, खांद्यावरून पट्टे आहेत का, पाय चाकापासून झाकले जातात का, आणि तुमच्या सायकलची कॅरिअर तेवढं वजन पेलते का, हे बघा. सायकल स्टँडवर लावून मुलाला खुर्चीत एकटं सोडू नका, क्षणभरही नाही.

निघताना करायची उजळणी

गाडी मेन स्टँडवर, किल्ली बंद. आधी मुलाला जाकीट आणि हेल्मेट. मग चालक बसेल. दुसऱ्या माणसानं मुलाला मागं बसवायचं, पट्टे चालकाच्या खांद्यांतून ओढायचे आणि क्लिप लावायच्या. पट्टा आणि मुलाची छाती यांत दोन बोटांपेक्षा जास्त जागा नको. ओढणी, पदर, मफलर, रेनकोटचं टोक सगळं आत खोचायचं. सगळ्यांत शेवटी किल्ली फिरवायची.

उतरताना उलट. आधी किल्ली बंद करून काढून घ्यायची, मग मुलाला सोडवायचं. गाडीला पार्किंगचं बटण असेल तर थांबल्याबरोबर ते दाबायचं. नळावर, दुकानात, विहारासमोर दोन मिनिटं थांबलात तरी किल्ली खिशात. रविवारची ती घटना या एका सवयीनं टळली असती.

चार वर्षांपुढच्या मुलाचे पाय फूटरेस्टवर टेकतात का आणि ते दोन्ही हातांनी घट्ट धरू शकतं का, हे बघा. टेकत नसतील तर ३० किलोपर्यंत हार्नेस चालू ठेवा.

"आम्ही चौघं आहोत, एकच गाडी आहे"

हा प्रश्न मला बैठकीत हमखास विचारला जातो. जयंतीच्या कार्यक्रमाला, लग्नाला, १४ ऑक्टोबरला दीक्षाभूमीला जाताना नवरा-बायको आणि दोन लेकरं एका गाडीवर निघतात. रात्री परतताना लेकरं पेंगलेली असतात. याला कोणताही पट्टा, कोणतीही खुर्ची उपाय नाही. जवळ जायचं असेल तर दोन फेऱ्या मारा. लांब जायचं असेल तर एसटीनं जा. पाच वर्षांच्या आतल्या मुलाला एसटीत तिकीट नाही, बारा वर्षांपर्यंत अर्धं तिकीट आहे, आणि मार्च २०२३ पासून महिलांना एसटीचं अर्धंच तिकीट पडतं. आई आणि दोन लहान मुलांचा हिशेब करून बघा. बऱ्याचदा तो वाटतो तेवढा महाग नसतो.

पैशांचं म्हणाल तर क्रम असा ठेवा: आधी मुलाचं हेल्मेट, मग हार्नेस. सीट कव्हर, रंगीत दिवे, गाण्याचा स्पीकर हे सगळं त्यानंतर. मुलं वाढतात, हार्नेस लहान होतो, तो शिवण तपासून, धुऊन, सावलीत वाळवून दुसऱ्या घराला देता येतो. आमच्या बैठकीत ठरलं आहे की बचत गटातून दोन-तीन मापांची हेल्मेटं आणि दोन हार्नेस एकत्र घ्यायचे आणि ज्याला क्वचित लागतं त्यानं वहीत नोंद करून न्यायचे. उवांची भीती कुणी काढली, तेव्हा एका आजीनंच उपाय सांगितला, हेल्मेटखाली ज्याच्या त्याच्या घरचा पातळ सुती रुमाल. तुमच्या वस्तीतही हे करता येईल.

पडलंच तर

मूल गाडीवरून पडलं तर आधी ते शुद्धीवर आहे का बघा. मान वाकवू नका, झटकन उचलून उभं करू नका. १०८ ला फोन करा, ती रुग्णवाहिका मोफत आहे. जखमेत हळद, चहापूड, तंबाखू भरू नका. स्वच्छ कापड दाबून धरा.

वर्षाच्या आतलं बाळ पडलं असेल तर वरून काही दिसत नसलं तरी दवाखान्यात दाखवाच. मोठ्या मुलाला चोवीस तास नजरेखाली ठेवा. वारंवार उलटी, नेहमीपेक्षा जास्त गुंगी, फिट येणं, नाकातून किंवा कानातून पाणी किंवा रक्त, एक बाहुली मोठी आणि एक लहान दिसणं, चालताना झोक जाणं, न थांबणारं रडणं, यांतलं एकही दिसलं तर रात्र असली तरी निघा. मूल झोपलं तर मधूनमधून उठवून बघा, तुम्हाला ओळखतं का, नेहमीसारखं बोलतं का.

खर्चाच्या भीतीनं घरी थांबू नका. रस्ते अपघातातल्या जखमींसाठी केंद्र सरकारची विनारोकड उपचार योजना मे २०२५ पासून आहे. त्यात ठरवून दिलेल्या रुग्णालयांत अपघातापासून सात दिवस, दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. कागद आणताय का, पैसे भरताय का असं कुणी दारात अडवलं तर या योजनेचं नाव घ्या आणि ११२ वर पोलिसांना कळवा. आणि रस्त्यात दुसऱ्याचं लेकरू पडलेलं दिसलं तर पोलिसांचा ससेमिरा लागेल म्हणून पाठ फिरवू नका. मदत करणाऱ्याला कायद्याच्या कलम १३४-अ चं संरक्षण आहे.

तो रविवारचा पोरगा आता बरा आहे. हनुवटीवर एक आडवी खूण राहिली आहे. परवा बालवाडीला निघताना बघितला, बापाच्या पाठीला बांधलेला, डोक्यावर निळं हेल्मेट, पुढं दिसत नाही म्हणून रुसलेला. बापानं मला बघून आधी खिशातली किल्ली काढून दाखवली आणि मग गाडीला लावली.

इलेक्ट्रिक गाडीची बॅटरी एका खोलीच्या घरात चार्ज करताना काय काळजी घ्यायची, ते पुढच्या अंकात सांगते. तोवर गाडी सावकाश चालवा.

जय भीम.